धुण्याआधी

कपडे धुण्याच्या यंत्राला एक गोष्ट बऱ्यापैकी नेमकी कळते, ती म्हणजे वजन. बटण दाबल्यावर पुरतं पाणी घेण्याआधी ते ड्रम एक-दोनदा सावकाश फिरवून बघतं. मोटारीला किती जोर लागला त्यावरून आत कपडे किती असतील याचा अंदाज बांधतं आणि पाणी, वेळ ठरवतं. त्यापलीकडे त्याला काही ठाऊक नसतं. सदरा ऑफिसातून आला की शेतातून, दुपट्यावर दूध सांडलंय की औषध, निळा परकर आज पहिल्यांदाच पाण्यात चाललाय का, कुणाच्या खिशात काय राहिलंय, हे सगळं दार लावण्याआधी कुणीतरी बघितलेलं असावं लागतं. त्या बघण्याबद्दल मला लिहायचं आहे. घरात त्याची नोंद कुठेच होत नाही. ‘मशीन लावलं’ म्हटलं की विषय संपतो. मला मात्र ते घरातलं फार जाणतं काम वाटतं.

आमच्याकडे कपडे टोपलीतून थेट ड्रममध्ये जात नाहीत. आधी ते फरशीवर येतात. मी ढीग ओतते आणि तांदूळ निवडायला बसावं तशी त्याच्यापुढे बसते. पांढरे वेगळे, गडद वेगळे, हे कुणीही सांगेल. पण रंग ही वाटणीची पहिली पायरी झाली. नवा सोलापुरी टॉवेल पांढरा असला तरी पांढऱ्या सदऱ्यांत जात नाही, कारण त्याचं तूस सुटतं आणि सगळ्यांना चिकटतं. जीन्स आणि मलमलचा कुडता दोघेही निळे असले तरी त्यांना एकत्र टाकायचं नाही. जीन्सची चेन आणि तिचं ओलं वजन मलमलीला सोसत नाही. इरकलीचा किंवा खणाचा कपडा कितीही पक्का म्हणून विकलेला असो, पहिल्या धुण्याला एकटाच जातो. शंका असेल तर आतल्या शिवणीचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून धरायचा. रुमालावर रंग उतरला की उत्तर मिळालं.

रेशीम आणि लोकर या ढिगात बसतच नाहीत, आणि त्याचं कारण मला फार आवडतं. आजच्या बऱ्याच धुण्याच्या पावडरींत विकरं असतात. त्यातलं एक प्रथिनं तोडतं, म्हणून रक्ताचा, दुधाचा, अंड्याचा डाग सुटतो. पण रेशीम हेही प्रथिन आणि लोकर हेही प्रथिन. डाग कुठला आणि धागा कुठला, हे त्या विकराला कळत नाही. ते दोन्ही कुरतडतं. घरात आजीच्या काळापासून रेशमाला आणि लोकरीला रिठ्याचं पाणी ठेवलेलं असतं, ते उगीच नाही. माझा बारावीतला मुलगा नियम सांगितला की विसरतो, कारण सांगितलं की लक्षात ठेवतो. हे सांगितल्यापासून त्याने आपला लोकरी स्वेटर कधी मशीनच्या ढिगात टाकलेला नाही.

कपडे ओळखणं हा या कामाचा सर्वांत जुना भाग असावा. गावगाड्याच्या बारा बलुतेदारांत परीट होता. साऱ्या गावाचे कपडे तो एका पाणवठ्यावर धुवायचा आणि ज्याचे त्याला परत द्यायचा. त्यासाठी परीट-धोबी कपड्याच्या काठावर बिब्ब्याने बारीक खूण करत. बिब्ब्याचा रस चुन्याबरोबर काळा पडतो आणि मग पाण्याने, साबणाने, उन्हाने, कशानेच जात नाही. अंगाला लागला तर फोड आणणारं हे फळ कपड्यावर मात्र जन्मभराची ओळख ठेवायचं. मुंबईत महालक्ष्मी स्टेशनशेजारच्या पुलावर उभं राहिलं की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिलेला धोबीघाट दिसतो. दगडी हौदांच्या रांगा दिसतात, वर दोऱ्यांवर एकाच रंगाचे कपडे ओळीने वाळत असतात. पाहुणे त्या हौदांचे फोटो काढतात. मी मात्र नेहमी त्या ओळींकडे बघत राहते. हॉस्पिटलच्या हिरव्या चादरी, हॉटेलांचे पांढरे पलंगपोस, शाळांचे गणवेश, इतक्या कपड्यांत एकाचा सदरा दुसऱ्याकडे न जाऊ देणं ही केवढी विद्या आहे! आता तिथेही मोठी यंत्रं आली आहेत. खूण करणं, मोजून घेणं आणि मोजून देणं हे अजून माणसांकडेच आहे.

खिसे तपासायचं काम मी कुणावर सोपवत नाही. प्रत्येक खिशात बोटं शेवटापर्यंत घालायची, नुसतं वरून चाचपून चालत नाही. नाण्याची जागा चुकली की ते ड्रमच्या फटीतून खाली उतरतं आणि पाणी उपसणाऱ्या पंपापाशी जाऊन बसतं. कागदी रुमाल एक राहिला तरी काळ्या कपड्यांवर त्याचा भुगा बसतो, आणि तो झटकून निघत नाही. सेफ्टी पिना, ब्लाउजचे हुक, केसांच्या क्लिपा यांनी दाराभोवतीचं रबर फाटतं. चेन लावून घ्यायची, हुक अडकवायचे, बटणं मात्र उघडी ठेवायची, नाहीतर काजांवर ताण येतो. परकराची आणि पायजम्याची नाडी गाठ मारून आत खोचायची. जीन्स, छापाचे टी-शर्ट, भरतकामाचे कुडते उलटे करायचे, म्हणजे घासलं जायचं ते आतल्या बाजूने.

आमच्या मशीनवर एक स्टीलची वाटी असते. खिशात जे सापडेल ते त्या वाटीत जातं. एसटीचं तिकीट, शर्टाचं सुटलेलं बटण, शेंगदाणे, पेनाचं टोपण, मेडिकलचं बिल, प्रसादाचे साखरफुटाणे. मुलीच्या जीन्समधून घडी घातलेली चिठ्ठी निघते, तीही तशीच वाटीत जाते. ती उघडायची नाही. हा नियम मी कुणाला बोलून दाखवलेला नाही, पण घरात सगळ्यांना तो ठाऊक आहे, आणि म्हणून कुणी माझ्यापासून खिसे लपवत नाही. कपडे धुणाऱ्या माणसाच्या हाती घराचं बरंच काही बिनबोभाट येतं. ते ज्याचं त्याला न वाचता परत करणं ही या कामातली सर्वांत मोठी जबाबदारी आहे, असं मला मनापासून वाटतं.

काही गोष्टी मात्र न वाचून चालत नाहीत. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, घरात सुती पायजमे घालतात. नाडी जुनी झाली की तिच्यावर रोजच्या गाठीच्या जागी एक मळकट, चुरगळलेला पट्टा पडतो. वर्षानुवर्षं गाठ तिथेच बसते. एकदा पायजमे उलटे करताना मला दिसलं की जुन्या पट्ट्याची जागा मोकळी आहे आणि नवी चुरगळ तिच्यापासून चांगली चार बोटं आत सरकलेली आहे. दुसऱ्या पायजम्याचीही तशीच, तिसऱ्याचीही. अण्णा रोज डोळ्यांसमोर होते, पण सैल सदऱ्यात काही कळलं नव्हतं. जेवण तर नेहमीसारखंच होतं, उलट चार घास जास्तच. आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं आणि रक्तात साखर खूप वाढलेली निघाली. औषधं सुरू झाली. पुढे हळूहळू गाठ परत जुन्या जागेकडे येताना मी पाहिली. तपासणीचे कागद फाईलमध्ये आहेत. मला अधिक भरवसा त्या नाडीचा वाटतो.

डागांशी माझं नातं वेगळं आहे. प्रत्येक डागाला आपापला स्वभाव आहे आणि तो कळला की अर्धं काम होतं. रक्ताला थंड पाणी. गरम पाण्याने त्यातलं प्रथिन गोठतं आणि धाग्यात पक्कं बसतं. पाळीच्या दिवसांतले कपडे हाताळताना घरातल्या बायका हे एकमेकींना हळू आवाजात सांगत आल्या. मी ते मुलालाही मोठ्या आवाजात सांगितलं आहे, कारण चादर त्याचीही आहे आणि बहीणही त्याची आहे. तेलाच्या डागाला पाणी लावण्याआधी भांड्यांच्या साबणाचा एक थेंब चोळायचा. त्याच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि तेल सुटून पाण्याबरोबर निघतं. केळीचा चीक मात्र कुणाला जुमानत नाही. बागेत काम करणारी माणसं म्हणूनच त्या कामाला वेगळे, जुने कपडे ठेवतात. ते चॉकलेटी डाग त्या कपड्यांबरोबरच संपतात.

पण मला सगळ्यांत जवळचा डाग हळदीचा. जेजुरीहून माणसं घरी येतात तेव्हा टोपीपासून मोज्यापर्यंत पिवळी असतात. भंडारा केसांत, कानांच्या पाळ्यांत, बंडीच्या शिवणींत शिरलेला असतो. ते कपडे आधी बाल्कनीत नेऊन कोरडेच झटकायचे, पाण्याचा थेंब लागू न देता. ओली झालेली हळद धाग्याला घट्ट धरते. मग साबण लागला की एक चमत्कार दिसतो. पिवळा डाग एकदम लालभडक होतो. पहिल्यांदा बघणारा घाबरतोच. हळदीतलं कर्क्युमिन साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थाशी गाठ पडली की लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करत, ते याच गुणावर. म्हणजे खंडोबाचा भंडारा मोरीत काही क्षण कुंकू होतो! स्वच्छ पाण्यात खळबळलं की लाली जाते आणि पिवळेपणा परत येतो. तो मात्र साबणाने पुरता निघत नाही. त्याला ऊन लागतं. उजेडात कर्क्युमिन मोडतं. कपडा ओलाच दोन दिवस भर उन्हात ठेवावा, पिवळेपणा आपोआप विरत जातो. दुकानातल्या कुठल्याही महागड्या बाटलीपेक्षा वैशाखातली गच्ची हळदीवर भारी पडते.

आणि एक डाग असा आहे, जो दिसतच नाही. माझी नणंद यवतमाळ जिल्ह्यात दिली आहे. त्यांची कपाशी असते. 2017 मध्ये त्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन किती शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते त्यावेळी सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. चर्चा औषधांची झाली, पंपांची झाली, मास्क आणि हातमोज्यांची झाली. फवारणीहून आलेला सदरा संध्याकाळी कोण भिजवतं, हे फारसं कुणी विचारलं नाही. ते त्या घरातली बाई भिजवते, आणि तिच्या हाताला मोजे नसतात. नणंदेने तेव्हापासून फवारणीच्या कपड्यांसाठी वेगळी बादली केली आहे, वेगळी खुंटी केली आहे. ते कपडे घराच्या कपड्यांत जात नाहीत, लेकरांच्या तर नाहीच नाही. हातमोजे घालून आधी बाहेरच पाण्यातून काढायचे, मग गरम पाण्यात भरपूर साबण घालून धुवायचे, पुन्हा एकदा धुवायचे आणि उन्हात वाळवायचे. घरी मशीन असेल तर त्या कपड्यांनंतर ते एकदा साबण घालून रिकामं चालवायचं. पांढरे-रंगीत वेगळे करण्याला मी घरकाम म्हणेन. या वेगळं करण्याला आरोग्यसेवा म्हटलं पाहिजे, आणि गावोगावी ते फवारणीच्या पंपाइतक्याच तळमळीने शिकवलं पाहिजे.

निवडून झालं की भरणं. इथे घाई फार नडते. यंत्रावर सात किलो लिहिलेलं असतं ते कोरड्या कपड्यांचं वजन, आणि तेही सुती कपड्यांच्या कार्यक्रमासाठी. सिंथेटिक कपडे त्याच्या निम्म्याने टाकावेत, नाजूक त्याहून कमी. समोरून दार असलेल्या यंत्रात ड्रम कपड्यांना वर उचलतो आणि वरून खाली पाण्यात आपटतो. त्या आपटण्यानेच मळ सुटतो. ड्रम गच्च भरला तर कपड्यांना पडायला जागाच उरत नाही. ते एकमेकांना बिलगून गोल फिरत राहतात आणि साबणासकट बाहेर येतात. कपडे भरल्यावर वरच्या बाजूला आडवा हात सहज जायला हवा, ही माझी खूण.

कपडे एकेक मोकळे करून, झटकून आत सोडायचे. साडीची मात्र पद्धत वेगळी. पाच-साडेपाच मीटरचं ते सलग कापड मोकळं सोडलं तर सदऱ्यांच्या बाह्या, परकर, ओढण्या सगळ्यांना वेटोळे घालतं आणि शेवटी एक पिळलेला दोर निघतो. म्हणून तिची सैल घडी घालून जाळीच्या पिशवीत ठेवायची. दुहेरी पलंगपोस एकटा टाकायचा नाही. पिळण्याच्या वेळी तो एका बाजूला गोळा होतो आणि मिनिटाला हजार-बाराशे फेरे घेताना सगळं यंत्र हादरवतो. बहुतेक अशा यंत्रांच्या पोटात काँक्रीटचे जड ठोकळे बसवलेले असतात, ते याच हादऱ्यासाठी. पण समतोल त्या ठोकळ्यांवर सोडू नये. मोठ्याबरोबर लहान टाकावेत, जडाबरोबर दोन हलके.

हेन्केल कंपनीतल्या हर्बर्ट झिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने 1959 मध्ये धुण्याचं सारं शास्त्र चार भागांच्या एका वर्तुळात मांडलं: रसायन, तापमान, वेळ आणि आपटणं-घासणं. एक भाग कमी केला तर दुसरे वाढवावे लागतात. त्याच वर्षी भारतात सर्फ आलं. पुढे 1969 मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निर्मा सुरू केली आणि पावडर साध्या घरांतही पोचली. रसायन असं वाढत गेलं. पण माझ्या आईच्या पिढीला गरम पाणी चुलीवर जळण जाळून मिळायचं, वेळ तर नव्हताच, आणि साबण वडी मोजून यायचा. राहिलेला सगळा भाग दंडांनी भरून काढायचा. झिनरचं वर्तुळ मला समजलं ते तिच्या खांद्यांवरून, वयाबरोबर उजवा हात डोक्यावर जायचा थांबला तेव्हा. यंत्राने तो आपटण्याचा भाग बायकांच्या दंडांवरून उचलला, याबद्दल मला त्याचं मनापासून अप्रूप आहे. विहिरीवरच्या धुण्याच्या गोड आठवणी काढणाऱ्यांनी एकदा ओली गोधडी उचलून बघावी.

गोधडी हाच आईकडचा मोठा प्रश्न आहे. आई वाई तालुक्यात, कृष्णाकाठी राहते. तिच्याकडे मशीन आहे, ती ते रोज लावते, सारं निवडून, खिसे उलटे करून. पण घटस्थापनेच्या आधी, पितृपंधरवड्यात, गावातल्या प्रत्येक घरातली झाडून सारी अंथरुणं-पांघरुणं धुवायला निघतात. देव बसण्याआधी घरात एकही चिंधी मळकी राहता कामा नये. ट्रॉल्या आणि टेम्पो भरभरून गोधड्या, वाकळा, सतरंज्या, सोलापुरी चादरी नदीवर जातात. जुन्या नऊवारींचे पाच-सहा थर एकमेकांवर टाचून शिवलेली गोधडी कोरडी असतानाच दोन हातांत मावत नाही. ओली झाल्यावर तिला उचलायला दोघी लागतात, पिळायला चौघी. कुठल्याही घरगुती यंत्राचा ड्रम तिच्यासाठी झालेला नाही.

त्या दिवशी अंगणात वाटणी चालते ती बघावी. आई मध्ये बसते आणि एकेक हाताखालून घालते. हे मशीनला, हे नदीला, हे हातानेच. टाका उसवलेली गोधडी आधी सुईपाशी जाते, कारण पाण्यात भोक मोठं होतं. आजोबांच्या धोतराचा थर असलेली वाकळ तिला नुसत्या स्पर्शाने कळते, आणि तिला ब्रश लावायचा नाही, असं ती प्रत्येक वेळी बजावते. बाळंतिणीची, आजाऱ्याची अंथरुणं वेगळ्या गाठोड्यात. कुठल्या गोधडीत कुणाचं लुगडं आहे, हे तिच्याशिवाय आता कुणाला सांगता येत नाही. म्हणून गेल्या खेपेपासून मी तिच्याशेजारी वही घेऊन बसते. थोरल्या गोधडीत वरचा थर आत्याच्या लग्नातल्या लुगड्याचा, खाली पणजीचं. काळ्या वाकळेत वडिलांच्या शाळेतल्या कोटाचं अस्तर. मुलीला ते लिहायला सांगितलं तर तिने प्रत्येकीचा मोबाइलवर फोटोही काढला आणि खाली नावं घातली.

नदीत साबण सोडणं मला टोचतं, आणि आईलाही ते पटलंय. आता साबण, ब्रश, घासणं सगळं अंगणातच होतं, ते पाणी नारळाच्या आळ्याशेजारच्या खड्ड्यात जिरतं आणि नदीवर नेतो ते फक्त खळबळून काढायला. गावातल्या सगळ्यांना हे जमत नाही, अंगणं आता आहेत कुठे? पण चार घरांनी सुरुवात केली आहे.

काल तिचा फोन आला. “इकडं पाऊस उघडलाय बघ. शनवारी येतीस का? पोराला आण, पिळायला माणूस पायजे. आणि ती तुझी वही विसरू नको, माळ्यावरच्या तीन काढायच्या राहिल्यात.” मुलाने शनिवारचा क्लास सकाळी लवकर करून घ्यायचं कबूल केलं आहे. त्याला मी सांगून ठेवलंय की जुनी पँट घाल, चपला नदीत निसटतात तेव्हा सँडल घे, आणि निघण्याआधी खिसे रिकामे कर.